छोट्या पॅरिशने हवामान बदलावर काय करावं? आधी मीटर बघा, मग बाकीचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: ताई कोल्हापुरातल्या एका छोट्या कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या कुटुंबांच्या समुदायाच्या, कौन्सिलवर नव्यानं आल्यात, दीडशेच्या आत कुटुंबं आहेत, फादरांनी पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या पत्रावर दोन रविवार प्रवचन केलं, जूनमध्ये पन्नास रोपं लावली, ग्रुपवर फोटो पडले आणि तिथंच विषय थांबला. आता कौन्सिलमध्ये एक जण म्हणतोय सोलर लावूया, दुसरा म्हणतोय पैसे कुठायत, तिसरा म्हणतोय हे चर्चचं कामच नव्हे. ताईंचा प्रश्न असा की सुरुवात कुठनं करू, आणि एवढ्याशा पॅरिशनं करून फरक काय पडणार?

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये वीज कुठं वाया जातेय ते शोधण्यात उमेदीची वर्षं गेली, नंतर सोलरमध्ये आलो. माझ्या पॅरिशच्या कौन्सिलवर दोन टर्म होतो, आणि कोल्हापूर, आजरा, गडहिंग्लज भागातल्या काही चर्च, कॉन्व्हेंट आणि शाळांची कामं केलीत. तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

पहिलं म्हणजे तुमची अडचण पैशाची आहे असं मला वाटत नाही. काम कुणाच्या तरी उत्साहावर चाललंय, ही खरी अडचण. फादरांना विषयाची कळकळ आहे म्हणून सुरू झालं, पण फादरांची पाच-सहा वर्षांत बदली होणार, नवे फादर येतील त्यांना युवकांच्या कामात रस असेल, आणि तुम्ही लावलेलं सगळं हळूहळू सुटत जाईल. मी हे तीन ठिकाणी बघितलंय. त्यामुळे माझ्याकडं कुणी आलं की मी एकच विचारतो, तुमच्या पॅरिशमध्ये दर आठवड्याला, दर महिन्याला, दर वर्षी काहीही झालं तरी होतंच असं काय काय आहे? मिस्सा म्हणजे मुख्य उपासना होते, कलेक्शन मोजलं जातं, लाइट बिल भरलं जातं, उपवासकाळ येतो, चर्चचा सण म्हणजे फेस्त येतं, २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी सगळे सिमेट्रीत जातात, नाताळचा गोठा होतो. हवामानाचं काम या न चुकणाऱ्या गोष्टींना बांधलं तर टिकतंय, वेगळी कमिटी काढून वेगळा दिवस ठरवला की दोन वर्षांत बंद पडतंय.

म्हणून सुरुवात मीटरपासून करा, सोलरपासून नव्हे. आवारात किती मीटर आहेत ते आधी बघा. चर्चचा वेगळा, फादरांच्या घराचा वेगळा, शाळा-कॉन्व्हेंट असेल तर त्यांचे वेगळे, बोअरचा कधीकधी अजून एक. मागची १२ महिन्यांची बिलं काढा आणि युनिट एका वहीत लिहा, रुपये नको, युनिट. नंतर दर रविवारी धर्मशिक्षणाला येणाऱ्या मुलांपैकी दोघांना मीटर रीडिंग लिहायला सांगा. आम्ही हे केलं तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "अंकल, चर्च तर बंद असतं, मग सोमवार ते शनिवार मीटर का पळतो?" आम्ही मोठी माणसं वर्षानुवर्षं बिल भरत होतो, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

कारण काय निघालं ते सांगतो, कारण बहुतेक पॅरिशमध्ये हेच निघतंय. आवारात दीडशे वॅटचे जुने सोडियमचे दिवे रात्रभर जळत होते. असा एक दिवा चोकसकट रात्रीचे बारा तास चालला की रोजचे जवळपास दोन युनिट, म्हणजे वर्षाला साडेसहाशेच्या पुढं. आता चर्चमधले पंखे बघा. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ४५ वॅट वाचले, पण चर्चमधला पंखा आठवड्याला चालतोय पाच तास, वर्षाला अडीचशे तास, वाचणार फक्त ११ युनिट. चोवीस पंखे बदललेत तरी वर्षाला अडीचशे-पावणेतीनशे युनिट, आणि खर्च साठ-सत्तर हजार. त्याच्या दुप्पट वीज बाहेरचा एक दिवा खातोय, तिथं चाळीस वॅटचा एलईडी लावायला दोन हजार पण लागत नाहीत. लोकांना मात्र पंखेच बदलावेसे वाटतात कारण ते डोक्यावर दिसतात. बीएलडीसी पंखे घ्यायचेच तर कॉन्व्हेंटमध्ये आणि फादरांच्या खोलीत लावा. तिथं पंखा दिवसाला बारा तास चालतोय, एका पंख्यामागं वर्षाला दीडशेच्या वर युनिट वाचतील. पाण्याची मोटर पण बघा, फुटव्हॉल्व्ह गळका असला किंवा टाकी रोज भरून वाहत असली तर तिथं वीज आणि पाणी दोन्ही चाललंय.

हे सगळं झाल्यावर सोलर. आता यात बरंच काही तुमच्या जागेवर अवलंबून आहे, त्यामुळे तुमचं चर्च न बघता मी हो किंवा नाही म्हणणार नाही. मंगलोरी कौलांचं छप्पर असेल तर त्यावर पॅनेल चढवायच्या भानगडीत पडू नका, लाकडी सांगाडा जुना असतोय, पावसाळ्यात गळती लागली की सगळे सोलरला शिव्या देणार. शाळेचा किंवा हॉलचा आरसीसी स्लॅब असेल तर उत्तम. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि आपल्याकडं वर्षभराची सरासरी धरली तर रोज ४ युनिटच्या आसपास मिळतात, जून ते सप्टेंबर कोल्हापुरात आभाळ असतंय तेव्हा बरेच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे पाच किलोवॅटला वर्षाला सात हजार युनिट. चर्चचा वापर रविवारी आणि ऊन रोज, त्यामुळे नेट मीटरिंग असेल तरच गणित बसतं, आठवडाभराची वीज ग्रीडला जाते आणि बिलात वजा होते.

सबसिडीबद्दल खूप गैरसमज आहे. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, तीन किलोवॅट आणि पुढं जास्तीत जास्त ७८ हजार, पण ती घरांसाठी आहे. चर्चला मिळेल असं धरून बजेट करू नका, आधी महावितरणच्या ऑफिसात जाऊन तुमच्या कनेक्शनचा प्रकार दाखवून विचारा. उलट कुटुंबांना ती मिळते, त्यामुळे मिस्सानंतर अर्धा तास बसून दहा घरांचे अर्ज भरून दिलेत तर चर्चच्या छपरापेक्षा जास्त किलोवॅट बसतील. माझ्या मते छोट्या पॅरिशला हेच जास्त परवडणारं आहे.

अजून एक अडचण सांगतो जी कागदावरची आहे पण सहा महिने खाते. मीटर कुणाच्या नावावर आहे? एका ठिकाणी बिल कधीच बदलून गेलेल्या एका फादरांच्या नावानं येत होतं. जागा धर्मप्रांताच्या ट्रस्टची, मीटर व्यक्तीच्या नावावर, अर्ज कौन्सिलचा, मग काय, नाव बदलण्यातच पावसाळा गेला. आणि छपरावर कायमचं काही बसवायचं तर बिशप हाउसची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर नको.

बसवल्यावर कुणीतरी बघायला पाहिजे. मी स्वतः बसवलेल्या एका शाळेच्या सिस्टिममध्ये इन्व्हर्टर तीन महिने बंद होता, कुणाला कळलं नाही, कारण बिल ऑफिसात जायचं आणि भरणारा फक्त शेवटचा आकडा बघायचा. तेव्हापासून मी वहीशिवाय सोलर देत नाही. मुलांची रविवारची वही चालू असेल तर आठवड्यात कळतंय.

आता पाणी. आपण कोल्हापुरात राहतो, त्यामुळे हवामान बदल म्हटलं की मला पंचगंगाच दिसते. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. दोन वर्षांत दोनदा. पूर फक्त हवामानामुळं येत नाही हे पण स्पष्ट सांगतो, धरणातला विसर्ग, पूररेषेत झालेली बांधकामं, बुजवलेले नाले, सगळ्यांचा हात आहे. पण हवा एक डिग्री तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळं पडतो तेव्हा थोड्या दिवसांत धो धो पडतो, आणि आपल्या नद्या, नाले, गटारं त्या मापाची बांधलेली नाहीत. तुमच्या पॅरिशमधल्या आजी-आजोबांना हे सगळं समजावत बसायची गरज नाही, २०१९ ला तुम्ही कुठं होता एवढंच विचारा. आमच्याकडं एका बैठकीत हा प्रश्न टाकला आणि दीड तास कुणी उठलं नाही. एका मावशींनी सांगितलं की चारी बाजूंनी पाणी होतं आणि नळाला चार दिवस थेंब नव्हता. खरंच आहे, नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती. महामार्ग शिरोलीजवळ बंद, त्यामुळं दूध, पेट्रोल सगळ्याची बोंब.

त्या बैठकीनंतर आमचं कामच बदललं. तोपर्यंत आम्ही कार्बन किती वाचला असं बोलत होतो, नंतर पुराच्या आठवड्यात आपलं आवार कुणाच्या उपयोगी पडेल असं बोलायला लागलो. तुमचं आवार उंचावर असेल तर हे नक्की करा. छपराचं पाणी साठवा. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर तीन हजार चौरस फुटांच्या छपरावर, म्हणजे २८० चौरस मीटरवर, पावणेतीन लाख लिटर पडतात, गळती-उडती सोडून सव्वादोन लाख तरी हाताला लागतात. सगळं साठवायला टाकी परवडत नाही, म्हणून पाच-दहा हजार लिटरची टाकी ठेवा आणि बाकीचं फिल्टर करून बोअरला सोडा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर काढायचं, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. आणि हे पाणी वापरायला, प्यायचं असेल तर उकळून. काळ्या मातीत नुसता शोषखड्डा मारून उपयोग होत नाही, पाणी जिरत नाही, तुंबून डास होतात, हे पण बघून घ्या.

आणि इथं एक गोष्ट जी सोलर विकणारे सहसा सांगत नाहीत. पुरात महावितरण सुरक्षेसाठी लाइट बंद करते, आणि साधं ग्रीडवालं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं, तसंच ते बनवलेलं असतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. म्हणजे ज्या आठवड्यात तुम्हाला विजेची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच आठवड्यात छपरावरचे पॅनेल नुसते शोभेचे. पुरात उपयोगी पडायचं असेल तर लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी घ्या, दोन-तीन ट्यूब, मोबाईल चार्जिंग, कुणाची इन्सुलिन ठेवायला एक लहान फ्रीज, एवढंच त्यावर. बोअरची मोटर चालवायची असेल तर आधी सांगा, सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते, इन्व्हर्टर त्या मापाचा लागतो आणि खर्च वाढतो. मीटरचं पॅनेल आणि स्विचबोर्ड पुराच्या खुणेच्या वर उचलून घ्या, याला फारसा खर्च नाही.

एकटं करू नका. कोल्हापुरात कॅथलिक मूठभर, बाकीची ख्रिस्ती मंडळी बहुतेक प्रोटेस्टंट, त्यांच्या चर्चशी बोला. आणि तालीम मंडळांशी बोला. महापुरात बोटीवर कोण होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तालमीची पोरं होती. आम्ही शेजारच्या तालमीला सांगून ठेवलंय की पाणी ३९ फुटांना गेलं की हॉलची किल्ली तुमच्याकडं. पॅरिशच्या प्रत्येक झोनमध्ये, म्हणजे वस्तीच्या भागात, एकटे राहणारे म्हातारे, आजारी, गरोदर बायका कोण आहेत याची यादी गरजूंना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉलवाल्यांकडं आधीच असते, ती मे महिन्यात एकदा ताजी करायची. यात कॅथलिक किती आणि इतर किती हे मोजायचं नाही.

ज्यांना हे चर्चचं काम वाटत नाही त्यांच्याशी भांडू नका. 'लाउदातो सी' २०१५ चं, त्याच्या २१७ व्या परिच्छेदात देवाच्या सृष्टीची राखण ही ख्रिस्ती जीवनातली ऐच्छिक किंवा दुय्यम बाब नाही असं स्पष्ट आहे, तेवढा परिच्छेद वाचून दाखवा. २०२३ मध्ये त्याच विषयावर फ्रान्सिस यांचं 'लाउदाते देउम' आलं. व्हॅटिकनमध्ये सभागृहाच्या छपरावर सोलर पोप बेनेडिक्ट यांच्या काळात २००८ मध्येच बसलंय, त्यामुळं हे एकट्या फ्रान्सिस यांचं खूळ आहे असं कुणी म्हणू नये. आणि लांब कशाला जायचं, आपल्या महाराष्ट्रात बघा. जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगर भागात पाणलोटाचं काम उभं केलं, त्यातून १९९३ मध्ये वॉटर (WOTR, वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था निघाली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. दोघांनीही गावातल्या सगळ्यांना बरोबर घेतलं, आणि त्यात पाणी आणि जमीन राखणं हा श्रद्धेचाच भाग होता.

झाडांचं आता. ताई, तुमची पन्नास रोपं जगली पाहिजेत म्हणून थोडं कडक बोलतो. आम्ही एका वर्षी चाळीस लावली आणि पुढच्या एप्रिलमध्ये अकरा उरली, कारण जूनमध्ये लावायला शंभर माणसं होती आणि मार्चमध्ये पाणी घालायला एक पण नव्हता. रोपाचं मरण-जगणं पहिल्या दोन उन्हाळ्यांत ठरतंय. तेव्हापासून आमचा नियम असा की जेवढी कुटुंबं दोन उन्हाळे पाणी घालायचं लिहून देतील तेवढीच रोपं. नऊ लागली, नऊच्या नऊ जगली. मे महिन्यात घरोघरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, त्या संध्याकाळी ज्या झोनची रोझरी त्यांनी येताना आवारातल्या झाडांना पाणी घालायचं असं जोडून दिलंय. झाडं इथलीच घ्या, करंज, जांभूळ, ताम्हण, बहावा, उंबर, जागा मोठी असेल तर वड. सिमेट्रीत सुद्धा लावा पण कबरींपासून अंतर ठेवून, वड-उंबराची मुळं दगड उचलतात.

कॅलेंडरचं बाकीचं पटकन सांगतो. सृष्टीसाठी प्रार्थना करायचा चर्चचा 'सृष्टीचा काळ' १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत. आपल्याकडं तेव्हा गणपती असतात आणि पाऊस ओसरत असतो, तण काढायला आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला बरा वेळ. आपल्या गावानं गणपती विसर्जनासाठी नदीऐवजी काहिली, म्हणजे पाण्याच्या मोठ्या कढया, स्वीकारल्या, मोठ्या प्रथा बदलता येतात हे डोळ्यासमोर आहे. फेस्तच्या जेवणाला थर्माकोलची ताटं तर राज्यात २०१८ पासून बंदच आहेत, तरी येतात. आम्ही तीन फेस्तांच्या देणगीतून तीनशे स्टीलची ताटं-वाट्या घेतल्या, लग्न-बारशाला पण देतो, भाड्याचे पैसे त्याच वहीत जमा होतात आणि त्यातूनच एलईडीचा खर्च निघाला. २ नोव्हेंबरला मेणबत्त्यांचे प्लास्टिकचे कप आणि प्लास्टिकची फुलं सिमेट्रीत पडून राहतात, ३ तारखेला सकाळी युवकांनी गोळा करायचं हे मिस्सातच जाहीर करा. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारसाठी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसासाठी, जाळल्या जातात, काहीही टाकून न देण्याची ही जुनी रीत मुलांना दाखवून समजावली की त्यांच्या लक्षात राहते.

फरक काय पडणार, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पाच किलोवॅटचं सोलर वर्षाला सात हजार युनिट देणार, आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर पाच टन वाचले. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास पडतात, म्हणजे दोन-अडीच माणसांचा वाटा. तेवढाच. मी तो फुगवून सांगणार नाही. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दीड डिग्रीच्या वर गेलं, ते तुमच्या आमच्या चर्चच्या छपरानं खाली येणार नाही. पण दीडशे कुटुंबं दर रविवारी एका ठिकाणी बसतात, एकमेकांची घरं ओळखतात, असं दुसरं काय उरलंय शहरात? ज्या वर्षी पाणी पुन्हा ५५ फुटांना जाईल त्या वर्षी तुमच्या आवारात पाणी, उजेड आणि यादी तयार असणं याचं टनांत माप नाही, पण मला त्याच्यासाठी काम करावंसं वाटतंय.

तुम्हाला पुढचं नीट सांगायला तीन गोष्टी लागतील. मीटर कुणाच्या नावावर आहेत, आवारात आरसीसी स्लॅब कुठला आणि त्यावर दुपारी कशाची सावली पडते, आणि २०१९ ला तुमच्या गेटपर्यंत पाणी आलं होतं का. शेवटचं जुन्या माणसांना विचारा, भिंतीवर कुठंतरी खूण पण असेल. बिलांतली युनिट लिहून पाठवा, मी किलोवॅट काढून देतो.